धरून ठेवणारे वंगण

वंगण म्हटले की आपल्याला घसरणे आठवते. दार करकरते, शिवणयंत्र जड चालते, सायकलची साखळी कुरकुरते. तेलाचे दोन थेंब सोडले की काम झाले. जितके निसरडे तितके वंगण चांगले, असे आपण गृहीतच धरतो. आमचीही समजूत अशीच होती. एका जुन्या कॅमेऱ्याने ती मोडली.

काही वर्षांपूर्वी एका स्नेह्यांनी आम्हांला त्यांचा जुना कॅमेरा दिला. त्याच्या भिंगाचे फोकसचे कडे काही केल्या फिरेना. आतले ग्रीस वाळून मेणासारखे झाले होते. आम्ही उत्साहाने भिंग खोलले, आटे पुसले आणि हाताशी होते ते सायकलच्या दुकानातले पिवळे ग्रीस भरपूर लावले. कडे लोण्यासारखे फिरू लागले. मे महिना कॅमेरा पत्र्याच्या कपाटात गेला. जूनमध्ये बाहेर काढला, तेव्हा कडे इतके सैल झाले होते की नुसते बोट लागले तरी फोकस हलावा. प्रकाशाचे छिद्र लहानमोठे करणारी पाती तेलाने ओली होऊन एकमेकींना चिकटली होती. भिंगाच्या आतल्या काचेवर धुरकट थर चढला होता. ग्रीस खराब नव्हते. सायकलला ते उत्तम चालले असते. चुकली होती ती आमची निवड.

मग प्रश्न पडला, की मुळात या जागी कोणते ग्रीस असायला हवे आणि का? उत्तर शोधताना आम्ही कॅमेऱ्याच्या इतिहासात शिरलो आणि तिथून बैलगाडीच्या आसापर्यंत आणि चंद्रापर्यंत जाऊन पोहोचलो.

पेटीपासून आट्यांपर्यंत

१८३९ साली फ्रान्समध्ये दागेर यांची छायाचित्रणपद्धती जाहीर झाली. त्या वेळचा कॅमेरा म्हणजे एकात एक सरकणाऱ्या दोन लाकडी पेट्या. पुढच्या पेटीला भिंग, मागच्या पेटीला काच. पेटी मागेपुढे सरकवायची आणि काचेवरची प्रतिमा रेखीव झाली की थांबायचे. पुढच्याच वर्षी, १८४० मध्ये, व्हिएन्नातील गणिती योझेफ पेत्झवाल यांनी रचलेले व्यक्तिचित्रांचे भिंग आले. ते पितळी नळीत बसवलेले असे. नळीवर दातेरी पट्टी, तिच्यात अडकलेले छोटे दातेरी चाक आणि चाकाला एक मूठ. मूठ फिरवली की नळी मागेपुढे सरके.

मोठ्या कॅमेऱ्याला एवढे पुरत होते. का, ते गणिताने पाहू. भिंगाचे नाभीय अंतर, वस्तूचे अंतर आणि प्रतिमेचे अंतर यांचा संबंध आपण नववी-दहावीत शिकवतोच. चिन्हांचा संकेत बाजूला ठेवून केवळ अंतरे घेतली, तर वस्तूच्या अंतराचा व्यस्तांक आणि प्रतिमेच्या अंतराचा व्यस्तांक यांची बेरीज ही नाभीय अंतराच्या व्यस्तांकाइतकी असते. ३०० मिलिमीटर नाभीय अंतराचे भिंग घ्या. अतिदूरच्या डोंगराची प्रतिमा ३०० मिलिमीटरवर पडेल. दोन मीटरवर बसलेल्या माणसाची पडेल सुमारे ३५३ मिलिमीटरवर. म्हणजे डोंगरावरून माणसावर येताना भिंग ५३ मिलिमीटर पुढे सरकवावे लागते. एवढ्या प्रवासात मिलिमीटरभर चूक झाली तरी बऱ्याचदा खपून जाते.

आता १९२५ सालाकडे येऊ. जर्मनीतील वेट्झलार गावच्या लाइट्झ कंपनीने त्या वर्षी लायपझिगच्या जत्रेत लायका हा छोटा कॅमेरा मांडला. ऑस्कर बार्नाक यांनी तो घडवला होता आणि त्याचे ५० मिलिमीटरचे भिंग माक्स बेरेक यांनी रचले होते. सिनेमाच्या ३५ मिलिमीटर फिल्मवर २४ × ३६ मिलिमीटरचे चित्र घ्यायचे आणि नंतर ते मोठे करायचे, ही त्यामागची कल्पना. हेच गणित या भिंगाला लावा. दोन मीटरवरच्या माणसासाठी भिंग पुढे सरकवायचे ते फक्त १.२८ मिलिमीटर. पाच मीटरसाठी अर्धा मिलिमीटर. दहा मीटरसाठी पाव मिलिमीटर. कॅमेरा लहान झाला आणि भिंगाची हालचाल मिलिमीटरवरून त्याच्या शंभराव्या भागावर येऊन ठेपली. दातेरी पट्टीचे काम आता संपले. तिथे आटे आले.

अनेक तोंडांचा स्क्रू

साध्या नटबोल्टचे आटे इथे चालत नाहीत. समजा, आट्यांमधले अंतर एक मिलिमीटर आहे. मग एका फेऱ्यात नट एक मिलिमीटरच पुढे जाईल. ५० मिलिमीटरचे भिंग अर्ध्या मीटरपर्यंत फोकस करायचे, तर ते साडेपाच मिलिमीटर पुढे यावे लागते. त्यासाठी कडे साडेपाच वेळा फिरवत बसावे लागेल. तोवर समोरचे मूल हसून निघूनही गेलेले असेल!

मग आटे मोठे करावेत का? अर्ध्या फेऱ्यात सहा मिलिमीटर, म्हणजे पूर्ण फेऱ्यात बारा मिलिमीटर हवे. पण बारा मिलिमीटर अंतराचा एकच आटा पाडायचा तर तो खूप खोल जाईल आणि पातळ नळीत बसणारच नाही. यावर तोड अशी: बारीक आटाच ठेवायचा, पण एकाऐवजी बारा आटे शेजारी शेजारी पाडायचे, प्रत्येकाची सुरुवात वेगळ्या ठिकाणी. आटा बारीकच राहतो आणि एका फेऱ्यात नळी मात्र बारा मिलिमीटर पुढे जाते. घरातल्या लोणच्याच्या किंवा कॉफीच्या बरणीचे झाकण पाहा. पाव-अर्ध्या फेऱ्यात ते घट्ट बसते, कारण त्याच्याही आट्यांना अनेक तोंडे असतात. वर्गात दाखवायला यापेक्षा सोपे उदाहरण नाही.

भिंगाच्या या आट्यांना फार अचूक राहावे लागते. दोन एवढे छिद्र उघडे असताना, म्हणजे नाभीय अंतराच्या निम्मा व्यास असताना, फिल्मवरचा ठिपका एक तीसांश मिलिमीटरपेक्षा मोठा होऊ द्यायचा नसेल, तर भिंगाची जागा साधारण ०.०७ मिलिमीटरच्या आत बरोबर असावी लागते. फेऱ्याला बारा मिलिमीटर सरकणाऱ्या आट्यांवर हे अंतर म्हणजे कड्याचे फक्त दोन अंश! घड्याळाचा मिनिटकाटा एका मिनिटात सहा अंश सरकतो, हे लक्षात घेतले म्हणजे हा आकडा किती लहान ते कळेल.

इथे वंगणाची खरी परीक्षा होते. कडे अडकून अडकून सुटत असेल, तर सुटताना ते तीन-चार अंशांची उडी मारते आणि नेमकी जागा हुकते. फार सैल असेल, तर बोट काढताना हलते आणि पुन्हा हुकते. हवे आहे असे वंगण, जे हाताला संथ, सारखा विरोध करील आणि हात थांबला की तिथेच थांबेल. घसरवणे हे त्याचे निम्मे काम; धरून ठेवणे हे उरलेले निम्मे.

विरोध कुठून येतो?

वंगणाचे शास्त्र रेल्वेच्या आसांनी पुढे नेले. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बोशां टॉवर यांनी आसाच्या धारव्यांवर प्रयोग केले. धारव्याच्या वरच्या बाजूला त्यांनी एक भोक पाडले होते. आस फिरू लागला की त्यातून तेल वर येई. त्यांनी लाकडी खुंटी ठोकली, तर तेलाने ती खुंटीच बाहेर ढकलली. म्हणजे फिरणारा आस स्वतःच तेल ओढून आणून दाबाखालचा थर तयार करतो आणि त्यावर तरंगतो. १८८६ मध्ये ऑसबर्न रेनल्ड्स यांनी याचे गणित मांडले.

पण भिंगाचे कडे रेल्वेच्या आसासारखे सतत फिरत नाही. ते अर्धा फेरा फिरते, थांबते, पुन्हा थोडे मागे येते. त्याला असा थर ओढून आणण्याइतका वेग कधीच मिळत नाही. म्हणून इथे वंगणाने स्वतःहून जागा धरून बसले पाहिजे. नुसते तेल इथे टिकत नाही, ग्रीस लागते.

ग्रीस म्हणजे दाट तेल नव्हे. ते असते साबणाच्या सूक्ष्म तंतूंचे जाळे आणि त्यात धरलेले तेल. पाण्याने भरलेल्या स्पंजासारखे. जाळे ग्रीसला जागेवर ठेवते, तेल वंगणाचे काम करते. कडे फिरताना हाताला जो विरोध जाणवतो, तो मुख्यतः या तेलाच्या श्यानतेमुळे. न्यूटनच्या नियमानुसार हा विरोध श्यानता, पृष्ठभाग आणि वेग यांच्या समप्रमाणात, तर थराच्या जाडीच्या व्यस्त प्रमाणात असतो. या एका नियमात निवडीची बरीचशी उत्तरे आहेत. भिंग मोठे, आटे लांब, तर पृष्ठभाग जास्त. म्हणून ग्रीस हलके हवे. आटे झिजलेले, तर फट मोठी. म्हणून ग्रीस जड हवे.

तापमानाचे काय? २० अंश सेल्सिअसला एरंडेलाची श्यानता पाण्याच्या सुमारे हजारपट असते. ४० अंशांना ती साधारण चौथ्या हिश्श्यावर येते. साधी खनिज तेलेही तापली की अशीच पातळ होतात. नागपूरच्या मे महिन्यात संथ वाटणारे कडे हिमालयात हलणारही नाही, ते यामुळेच. आणखी एक गोष्ट. पितळ आणि ॲल्युमिनिअम सारखे प्रसरण पावत नाहीत. ५० मिलिमीटर व्यासाच्या नळ्या ४० अंशांनी तापल्या, तर ॲल्युमिनिअमची नळी पितळेच्या नळीपेक्षा सुमारे ०.००८ मिलिमीटरने जास्त फुगते. आट्यांमधली फटच मुळात मिलिमीटरच्या काही शतांश भागांची असते, तेव्हा हा फरक नगण्य नाही.

चरबी, एरंडेल आणि साबण

आपल्याकडे बैलगाडीच्या आसाला एरंडेलाचे वंगण देत. गाडीखाली लटकणारे वंगणाचे नळकांडे अनेक वाचकांना आठवत असेल. युरोपात गाड्यांच्या आसांना जनावरांची चरबी लावत. घड्याळजींची गरज नाजूक होती. अमेरिकेत न्यू बेडफर्ड या देवमाशांच्या शिकारीसाठी प्रसिद्ध असलेल्या बंदरात एकोणिसाव्या शतकात विल्यम नाय हे डॉल्फिनच्या जबड्यातले तेल शुद्ध करून घड्याळांसाठी विकत. ते तेल थंडीत गोठवून गाळले जाई, म्हणून थंड हवेतही पातळ राही. एका घड्याळासाठी तेल लागे थेंबभर, पण त्यामागे एक सस्तन जीव जाई. १९७२ मध्ये अमेरिकेत सागरी सस्तन प्राण्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि हा मार्ग बंद झाला. तोवर रसायनशास्त्राने दुसऱ्या वाटा शोधल्या होत्या.

१८५९ मध्ये पेनसिल्वेनियात खनिज तेलाची विहीर लागली आणि पुढच्या काही दशकांत खनिज तेलात चुन्याचा साबण मिसळून केलेले ग्रीस सर्वत्र झाले. ते स्वस्त होते आणि पाण्याने धुऊन जात नसे. पण त्याचे जाळे टिकायला थोडे पाणी लागते. सुमारे ८० अंशांच्या पुढे ते पाणी उडते आणि ग्रीस फुटते. तेल वेगळे, साबण वेगळा. सोड्याच्या साबणाचे ग्रीस उष्णता जास्त सोसते, पण ओलाव्यात विरघळून दुधाळ होते. कोकणातल्या पावसाळ्यात त्याचे काय होईल, ते सांगायला नको.

१९४२ मध्ये अमेरिकेत क्लॅरेन्स अर्ल यांना लिथिअमच्या साबणाच्या ग्रीसची एकस्वे मिळाली. हे ग्रीस उष्णताही सोसते आणि पाणीही. त्यानंतर लवकरच त्याचा जो प्रकार रूढ झाला, त्याची कथा आम्हांला फार आवडते. वनस्पती तूप करताना तेलाला हायड्रोजन देऊन घट्ट करतात, तसेच एरंडेलाला करतात. त्यातून १२-हायड्रॉक्सिस्टिअरिक आम्ल मिळते. त्याचा लिथिअमबरोबर साबण केला की अतिशय चिवट तंतूंचे जाळे तयार होते. बैलगाडीच्या आसाला लागणारे एरंडेल आज असे मोटारींच्या बेअरिंगमध्ये आणि कॅमेऱ्यांच्या आट्यांतही पोहोचले आहे. जगात सर्वांत जास्त एरंडी भारतात पिकते, आणि त्यातली बहुतेक गुजरातेत.

तेल सुटते तेव्हा

१९५० च्या दशकात एका भिंगाच्या कॅमेऱ्यांमध्ये, म्हणजे ज्यात छायाचित्रकार चित्र घेणाऱ्या भिंगातूनच पाहतो अशा कॅमेऱ्यांमध्ये, एक सोय आली. पाहताना छिद्र पूर्ण उघडे राहते; बटण दाबताच पाती क्षणार्धात मिटतात, फोटो निघतो, पाती पुन्हा उघडतात. ही पाती कागदासारखी पातळ असतात, त्यांना हलवणारी स्प्रिंगही नाजूक असते, आणि ती कोरडीच चालली पाहिजेत. आट्यांपासून त्यांचे अंतर थोडेच. ग्रीसच्या जाळ्यातून तेल हळूहळू सुटले की ते पात्यांवर पसरते. दोन ओल्या काचा जशा चिकटतात, तशी पाती चिकटतात. बटण दाबल्यावर ती वेळेवर मिटत नाहीत आणि फोटो जास्त उजळ येतो. तेलाचा हलका भाग वाफ होऊन काचेवर बसतो आणि धुरकटपणा येतो. आमच्या कॅमेऱ्याला मे महिन्यात नेमका हाच रोग जडला होता.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सिलिकोनची तेले व्यवहारात आली. तापमान बदलले तरी त्यांची श्यानता फारशी बदलत नाही. मग तीच वापरावीत, असे वाटणे साहजिक आहे. पण त्यांत दोन दोष आहेत. एक, त्यांचे पृष्ठताण फार कमी, खनिज तेलाच्या सुमारे दोन-तृतीयांश. म्हणून ती पसरत पसरत काचेपर्यंत जातात आणि मग पुसून जात नाहीत. दुसरा, धातूवर धातू घासत असताना ती तोकडी पडतात. ॲल्युमिनिअमवर ॲल्युमिनिअमचे आटे असतील, तर वरचा ऑक्साइडचा थर घासून जाऊन आतले धातू एकमेकांना चावतात. एकदा का आटे असे ओरखडले, की कोणतेच ग्रीस त्यांना पूर्ववत करू शकत नाही.

निवडीची सर्वांत कठीण परीक्षा झाली १९६९ च्या जुलैमध्ये. अपोलो ११ च्या यात्रिकांबरोबर चंद्राच्या पृष्ठभागावर गेलेल्या हॅसलब्लाड कॅमेऱ्याला झाइसचे ६० मिलिमीटरचे भिंग होते. निर्वातात नेहमीची वंगणे उकळून उडून जातात आणि त्यांची वाफ भिंगावर वा फिल्मवर बसू शकते. म्हणून कॅमेऱ्यातली नेहमीची वंगणे काढून टाकण्यात आली किंवा बदलण्यात आली. उन्हात आणि सावलीत आतले तापमान फार बदलू नये यासाठी त्याला रुपेरी मुलामा दिला होता. परतताना फिल्मच्या पेट्या तेवढ्या आणल्या. कॅमेरा चंद्रावरच राहिला. आपण पाहतो त्या चंद्रावरच्या स्वच्छ छायाचित्रांत अनेकांचे श्रम आहेत. योग्य वंगण निवडणाराही त्यांत एक आहे.

आज काय निवडावे?

ग्रीसच्या डब्यावर ०, १, २, ३ असा आकडा असतो. ही पद्धत अमेरिकेतील ग्रीस संस्थेने १९३८ मध्ये घालून दिली. २५ अंशांना १५० ग्रॅम वजनाचा शंकू पाच सेकंद ग्रीसमध्ये रुतू द्यायचा आणि तो किती खोल गेला ते मोजायचे. २ क्रमांकाच्या ग्रीसमध्ये तो २६.५ ते २९.५ मिलिमीटर जातो. १ क्रमांकाच्या ग्रीसमध्ये ३१ ते ३४. पण हा आकडा जाळ्याचा घट्टपणा सांगतो, आतल्या तेलाची श्यानता सांगत नाही. एकाच क्रमांकाची दोन ग्रीसे आट्यांत अगदी वेगळी वागू शकतात. म्हणून भिंगासाठी कृत्रिम तेलापासून केलेले, तेल कमी सोडणारे आणि संथ विरोधासाठीच बनवलेले ग्रीस घ्यावे. साध्या ५० मिलिमीटरच्या भिंगाला हलके ते मध्यम पुरते. थर इतका पातळ असावा की आट्यांचा रंग त्यातून दिसावा. जुने ग्रीस पूर्ण पुसल्याशिवाय नवे लावू नये, कारण दोन जातींचे साबण एकत्र आले की जाळे ढासळू शकते. पात्यांना काहीही लावू नये. आणि आटे सुटतात त्या नेमक्या जागी खूण करायला विसरू नये. बारा तोंडांपैकी एकच बरोबर असते. चुकीच्या तोंडात बसवलेले भिंग दूरचा डोंगर कधीच रेखीव दाखवणार नाही.

वर्गासाठी दोन सोपे प्रयोग सुचवतो. एक, काचपट्ट्यांच्या जोड्या घ्या. एकीत खोबरेल, दुसरीत एरंडेल, तिसरीत व्हॅसलीन लावून एक पट्टी दुसरीवर सरकवा. कुठे विरोध सारखा आहे, कुठे पट्टी अडकून सुटते, कुठे हात थांबल्यावर ती तिथेच राहते, हे मुलांना लिहून काढू द्या. मग काचा कोमट करून तेच पुन्हा करा. दुसरा, टिपकागदावर वेगवेगळ्या ग्रीसचे वाटाण्याएवढे गोळे ठेवा आणि कागद आठवडाभर उन्हाच्या जागी राहू द्या. प्रत्येक गोळ्याभोवती तेलाचे वर्तुळ उमटेल. रोज त्याचा व्यास मोजून आलेख काढा. सर्वांत लहान वर्तुळ ज्याचे, ते भिंगाच्या जवळ ठेवण्यास त्यातल्या त्यात योग्य.

हा दुसरा प्रयोग आम्ही आधी केला असता, तर आमच्या स्नेह्यांचा कॅमेरा वर्षभर खोललेल्या अवस्थेत पडून राहिला नसता. पाती धुऊन, काचा पुसून, योग्य ग्रीस लावून तो शेवटी चालू झाला. आता कडे जरा जड फिरते. कॅमेरा परत घेताना स्नेही म्हणाले, “थोडं सैल करता आलं नसतं का?” आम्ही त्यांना खिडकीतून दिसणाऱ्या झाडाच्या एका पानावर फोकस करायला सांगितले आणि कड्यावरून बोट काढायला सांगितले. पान जागेवर राहिले. त्यांचा प्रश्न तिथेच मिटला.